सत्त्याण्णवाव्या पानावरचा नियम

रविकिरणचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या क्लासमधला दुपारचा तास संपवून हातावरची खडूची भुकटी झटकत होतो.

"राघ्या, आपल्या खेळाची ती तीन पुस्तकं आता फोनवर विकत मिळतात म्हणं. घेऊन टाक."

"कशाला? छापील आहेत की."

"तुझ्याकडं हायेत. वाचायला डोळे लागतात, ते माझ्याकडं न्हाईत. फोनमधलं पुस्तक फोनच वाचून दाखवतो. सत्त्याण्णवावं पान मला एकदा मूळ शब्दांत ऐकायचंय. तुझं मराठी तीस वर्षं ऐकलं."

मी "बघतो" म्हणालो.

रविकिरण लातूरला क्लासेसच्या नोट्स तयार करून देण्याचा व्यवसाय करीत असे. टायपिंग, तपासणी, झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग, सगळे एका गाळ्यात. शहरात क्लासेस वाढत गेले तशी त्याची यंत्रे वाढली. बावीस वर्षांत त्याने इतक्या उणे-अधिकच्या चुका पकडल्या की प्राध्यापक आपले मजकूर त्याच्याकडे जरा बिचकतच देत. मग मधुमेहाने दृष्टिपटल गेले. डाव्या डोळ्याने काहीच दिसत नाही आणि उजव्याने खिडकी कोणत्या बाजूला आहे एवढे कळते.

तो ज्या नियमाबद्दल बोलत होता तो सत्त्याण्णवाव्या पानावर नाही. तो त्या पुस्तकात कुठेच नाही. हे जगात फक्त मला ठाऊक होते, कारण तो मी रचला होता.

जून १९९३ मध्ये आम्ही दोघे लातूरला अकरावी विज्ञानाला एका बाकावर आलो. मी लातूरचाच. तो किल्लारीहून आलेला, खोली घेऊन राहणारा. त्याचे वडील गुरुपादप्पा यांचे गावात किराणा दुकान होते. सप्टेंबरअखेर गणपती विसर्जनासाठी तो गावी गेला. तीस तारखेला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. त्या गावांतल्या भिंती अडीच-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या, आणि वर मातीचे माळवद. अशी रचना आडव्या धक्क्याला किती टिकते हे गणिताने सांगता येते. तेव्हा कुणी गणित केले नव्हते.

तो दुकानाच्या ओट्यावर झोपला होता म्हणून वाचला. वडील जागीच गेले. आई शांतम्मा यांना शेजाऱ्यांनी मोडलेल्या पायानिशी बाहेर काढले. आतल्या खोलीत नऊ वर्षांची बहीण शिवानी होती. ती ढिगाऱ्याखालून ओ देत होती. तो "शिवे" म्हणे, ती "हं" म्हणे. हे त्याच्या अंदाजाने दीड-दोन तास चालले. हातांनी दगड हलेनात, म्हणून तो गावाच्या दुसऱ्या टोकाला पहार आणि माणसे आणायला गेला. त्याला चाळीस मिनिटे लागली. परत येऊन त्याने हाक मारली तेव्हा ओ आली नाही.

हे त्याने मला आयुष्यात एकदाच सांगितले, दिवाळीनंतर कॉलेजच्या सायकल स्टँडवर, प्रयोगवहीत नोंदी कराव्यात तशा वेळा देत. शेवटी त्याने विचारले, "मी तिथनं उठलो नसतो तर?"

या प्रश्नाला आई, मामा, छावणीतला डॉक्टर, सगळ्यांनी एकच उत्तर दिले होते : तुझा काय दोष. ते त्याला पटले नव्हते. "ते आपलेच हायेत. ते आसंच म्हणणार," तो म्हणाला. साक्षीदार पक्षपाती असेल तर साक्षीला वजन नसते, हे तर्कशास्त्र बिनचूक होते. मी त्यात खोट काढू शकलो नाही. मीही त्याचाच होतो.

जानेवारीत आमच्या घरी वरच्या खोलीत एक इंग्रज तरुण भाड्याने राहायला आला. तो स्थापत्य अभियंता होता आणि पडलेल्या भिंतींची मोजमापे घेत गावोगाव हिंडत असे. त्याच्या सामानात तीन जाड पुस्तके आणि एका कापडी पिशवीत चमत्कारिक फासे होते : चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे. रविवारी तो आम्हाला एक खेळ शिकवी. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सूत्रधार. तो एखादी गुहा किंवा किल्ला शब्दांत उभा करतो. प्रत्येक खेळाडूचे कागदावर एक पात्र असते आणि ते काय करते हे खेळाडू बोलून सांगतो. जमले की फसले हे फासा ठरवतो, आणि फाशाचा अर्थ काय हे पुस्तक ठरवते. वीस बाजूंचा फासा मी हजार वेळा टाकून नोंदी केल्या. तो खोटा नव्हता.

जूनमध्ये जाताना तो पुस्तके आम्हाला देऊन गेला. शब्दकोश घेऊन इंग्रजी वाचण्याचा धीर एकट्या माझ्यात होता, म्हणून मी सूत्रधार झालो, आणि दोनशे पानी वहीत नियमांचे मराठी करू लागलो. प्रत्येक नियमापुढे उजव्या समासात मूळ पुस्तकाचा पान क्रमांक. ही सवय कॉलेजची. आमचे एक सर उत्तराशेजारी पाठ्यपुस्तकाचे पान लिहिलेले नसेल तर बरोबर उत्तरालाही गुण देत नसत. "हे तुला कुणी सांगितलं? पान दाखव," असे ते म्हणत. वर्गातल्या सगळ्यांना ते इतके भिनले होते की भांडणातही आम्ही एकमेकांना पान विचारायचो.

ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही तिघे खेळत होतो. तिसरा आमच्या गल्लीतला यज्ञेश. त्याचा योद्धा एका भुयारात शिरला, फासा वाईट पडला आणि छत त्याच्यावर कोसळले. अशा वेळी पात्राच्या जीवाचा आकडा दर फेरीला एकाने उतरतो. शून्य आले की पात्र मेले. एवढाच नियम पुस्तकात आहे, आणि तो मी वाचून दाखवला. रविकिरणचे पात्र वर उभे होते. दोराशिवाय खाली उतरता येत नव्हते आणि दोर बैलगाडीत राहिला होता. दोराची लांबी किती ते पाहायला मी पुस्तक उघडले.

रविकिरणने फासा खाली ठेवला. "मी दोर आणायला गेलो, तर ह्याचं काय होतं?"

यज्ञेश हसला. "काय होतंय? मरतो मी. दुसरा गडी काढतो. लवकर टाक रे, आई हाका मारून राहिली."

"तोवर मी वरनं हाका मारून राहिलो होतो. त्या थांबल्या. तर काय होतं?" तो माझ्याकडे पाहत होता. "पुस्तकात बघ."

मी पुस्तकात पाहिले. उघड्या पानावर वस्तूंचे कोष्टक होते : दोर, कंदील, तेल, खिळे, आणि प्रत्येकाचे वजन. त्या कोष्टकावर डोळे ठेवून, वाचताना शब्द जुळवायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेत, मी म्हणालो :

"ढिगाऱ्याखालच्या माणसाला वरून हाक ऐकू येत असेल, तर हाक मारणारा मदत आणायला जाऊ शकतो. त्याची शेवटची हाक तो परत येईपर्यंत चालू धरली जाते. तरीही तो माणूस वाचला नाही, तर तो जखमेने गेला असे समजावे. हाक थांबल्यामुळे नव्हे."

"कितव्या पानावर?"

"सत्त्याण्णव."

"छापलंय?"

"छापलंय."

त्याने खाली ठेवलेल्या फाशाकडे पाहिले. मग म्हणाला, "जातो दोर आणायला," आणि फासा उचलला.

त्या नियमाला जे वजन होते ते माझ्या शब्दांचे नव्हते. पुस्तक भूकंपाच्या चार वर्षे आधी छापलेले होते. ते लिहिणाऱ्यांनी किल्लारीचे नाव ऐकलेले असणे शक्य नव्हते. त्यांना रविकिरणला बरे वाटावे असे काही वाटत नव्हते. हवा होता तसा निःपक्षपाती साक्षीदार त्याला मिळाला होता, आणि तो मी बनावट उभा केला होता. संध्याकाळी मी नियम वहीत उतरवला. समासात लिहिले : ९७.

पुढच्या महिन्यात तो खानावळीत दोन्ही वेळा जेवू लागला. बारावीला त्याला चांगले गुण पडले. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. अकरा महिन्यांत असल्या गोष्टींची धार तशीही थोडी उतरते. मी एवढेच म्हणू शकतो की "उठलो नसतो तर" हा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.

पुस्तके माझ्याकडे राहिली, वही त्याच्याकडे. नोकरीसाठी नांदेडला आलो तेव्हा मी पुस्तके आठवणीने सोबत आणली. एकदा त्याने दुकानात त्यांच्या झेरॉक्स काढायच्या म्हणून ती मागितली. मी म्हणालो, बाइंडिंगला दिली आहेत. तो विसरला, किंवा त्याने विसरल्यासारखे केले. आता मात्र जी वस्तू कुणालाही घरबसल्या विकत घेता येते ती मिळत नाही असे सांगण्याची सोय उरली नव्हती.

खरेदीला दहा मिनिटे लागली. तिन्ही पुस्तके त्याच छपाईची होती. जुन्या पानांची छायाचित्रे आणि त्यांच्यामागे यंत्राला वाचता येईल असा मजकूर. माझ्या प्रतीत सत्त्याण्णवाव्या पानावर कोष्टकाची एक रेघ मध्येच तुटलेली आहे. पडद्यावरही ती तिथेच तुटलेली होती. तरी मी शोध घेतला. हाक, आवाज, ढिगारा, गाडलेला, यांना जेवढे इंग्रजी शब्द सुचले तेवढे घातले. सापडलेल्या प्रत्येक ओळीचा संबंध दुसऱ्याच कशाशी तरी होता.

मग मी एक गोष्ट केली ती लिहून ठेवतो. फाइलमध्ये मजकूर घालता येतो. अर्ध्या तासाचे काम. मी तो नियम इंग्रजीत रचला, त्या पुस्तकाच्या भाषेत, त्यातलाच वाटावा असा. वाचून पाहिला. चांगला जमला होता. मग पुसून टाकला. सोळाव्या वर्षी सुचले ते एकदा सुचले. सत्तेचाळिसाव्या वर्षी तेच करणे ही लबाडी झाली असती.

शनिवारी बसने लातूरला निघालो. लोह्यापर्यंत खरे सांगायचे ठरले होते. अहमदपूरला बस थांबली, समोरच्या फलकावर यशस्वी मुलांचे चेहरे ओळीने लावलेले होते, आणि प्रत्येकाखाली गुण. तिथून पुढे माझे काहीच ठरलेले नव्हते.

दार शांतम्मांनी उघडले. ऐंशी पार केलेल्या, ऐकायला कमी, एक पाय अजून ओढून चालणाऱ्या.

"आलास का रं राघू? लई वाळलास. बायको घालती का न्हाई खायला?"

"घालते की, अव्वा."

"मग कुटं जातंय ते? बस. सुशीला टाकते." भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा पदार्थ मला आवडतो हे त्या तीस वर्षे लक्षात ठेवून होत्या. त्या स्वयंपाकघरात गेल्या.

रविकिरण खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसला होता. मी पुस्तके त्याच्या फोनमध्ये घातली. पडद्यावर दोनदा बोट ठेवले की वाचणे सुरू होते आणि पुन्हा दोनदा ठेवले की थांबते, बोट उजवीकडे ओढले की मागचे पान पहिल्यापासून लागते, एवढे त्याला येत होते. यंत्रातली बाई सपाट आवाजात पहिल्या पानापासून वाचू लागली.

"काय वाचती ही! हिचं कुणी गेलंय का?" तो म्हणाला, आणि आम्ही दोघे हसलो. "सत्त्याण्णव लाव."

मी लावले.

दोर, पन्नास फूट. कंदील. तेल, एक कुपी. लोखंडी खिळे, बारा. बाई प्रत्येक वस्तूनंतर वजन सांगत होती. रविकिरण मान किंचित कलती करून ऐकत होता. बावीस वर्षे विज्ञानाच्या इंग्रजी नोट्स तपासलेल्या माणसाला यातले काही न कळण्यासारखे नव्हते.

"पुढं?"

"एवढंच आहे पानावर."

"ह्यात न्हाई ते."

या क्षणी मी म्हणालो, "ही नंतरची आवृत्ती असेल. सुधारित."

हे वाक्य मी ठरवून आणले नव्हते. तोंडून निघाले, आणि निघताना ते मला निरुपद्रवी वाटले. ज्या माणसाने बावीस वर्षे सुधारित आवृत्त्या काढल्या त्याच्यासमोर आपण ते बोलतो आहोत हे माझ्या ध्यानात आले नाही.

"सुधारित," तो म्हणाला. "म्हणजे काढला तो नियम."

"असेल."

"आपण कवा काढतो, राघ्या? चुकीचं असलं की काढतो." त्याने खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवला. "एका साली प्रकाशिकीच्या नोट्समधी चिन्ह उलटं गेलं. चारशे प्रती. दुसऱ्या साली मी काढलं. पण आधीच्या चारशे पोरांला कुणी सांगितलं? ती तसंच धरून बसली आसतील." अंगठा थांबला. "मी बी जुन्या आवृत्तीचाच की. म्हणजे मी तिथनं उठायला नको होतं."

आतून फोडणीचा आवाज आला.

"रव्या," मी म्हणालो, "ही तीच आवृत्ती आहे. काही काढलेलं नाही. तो नियम नव्हताच कधी. मी रचला."

तो हलला नाही. बाई पुढच्या पानावर गेली होती आणि खेचरांविषयी काही सांगत होती.

"तिला गप कर."

मी थांबवले.

"कवा?"

"तिथंच. तू विचारलंस तेव्हा. पुस्तक दोरासाठी उघडं होतं, म्हणून सत्त्याण्णव."

"आन् वहीत पान टाकलंस."

"हो."

"तू." एवढा एकच शब्द. मग, "पान न्हाई म्हणून माझ्या नोट्स फेकून द्यायचास तू."

मी फोन त्याच्या हातात परत दिला.

"यज्ञेशला म्हाईत होतं?"

"कुणालाच नव्हतं."

"बरं. आता मित्र म्हणून नको. फिजिक्सचा मास्तर म्हणून सांग. मी उठलो नसतो, हाका मारत बसलो असतो, तर?"

मला जे ठाऊक होते ते मी सांगितले. छातीवर दगड-मातीचे वजन असेल तर श्वास आत घेता येत नाही. मातीच्या धुळीने फुप्फुसे भरतात. आतला रक्तस्राव वरून दिसत नाही. यांपैकी काहीही हाकेने थांबत नाही. पण तिला यांपैकी काय झाले होते याची नोंद नाही. शुद्ध टिकून राहण्याने किती वेळ मिळाला असता, मिळाला असता का, हे मोजण्याचे साधन नाही. "मला माहीत नाही, रव्या. आता कुणालाच कळू शकत नाही."

"हे तवा का न्हाई म्हणलास?"

"तू सोळा वर्षांचा होतास."

"तू बी."

शांतम्मा दोन ताटल्या घेऊन आल्या, आमच्यात ठेवून गेल्या. कुणीही हात लावला नाही.

"वही काढ," तो म्हणाला. "कपाटात, खालच्या खणात. वर सातबाराची फाइल आसंल."

वही होती. पुठ्ठ्याला त्याने कधीतरी प्लॅस्टिक लावून घेतले होते. बाकीची पाने कडक राहिली होती, त्या एका पानाचा खालचा कोपरा मात्र बोटांनी मऊ आणि काळा झाला होता.

"पान क्रमांक खोड."

"आणि नियम?"

"नियमाला हात लावू नको. पान खोड. तिथं रचणाराचं नाव घाल. पूर्ण. तारीख आजची टाक, तवाची न्हाई."

मी सत्त्याण्णव खोडले. समास अरुंद होता, नाव दोन ओळींत बसवावे लागले : राघवेंद्र हणमंतराव कंधारकर. खाली तारीख. पेन जुने होते, दाबून लिहावे लागले. त्याने हात पुढे केला तेव्हा मी वही त्याच्या मांडीवर ठेवली आणि त्याचे बोट तिथे नेले. कागदाला पडलेल्या खाचेवरून त्याने बोट दोनदा फिरवले.

"एकाच माणसानं म्हणलंय मग," तो म्हणाला. "आन् ते बी आपल्याच."

मी थांबलो. त्याने वही मिटली. साडेचारची बस होती. मी सुशीलेचे दोन घास कसेबसे खाल्ले, शांतम्मांच्या पाया पडलो, चपला घातल्या.

"येतो रे," मी दारातून म्हणालो.

इतक्या वर्षांत यावर तो नेहमी "ये" म्हणत आला होता. मी दार ओढून घेतले आणि जिन्यात चार पायऱ्या उतरून थांबलो. "येतो, रव्या," मी पुन्हा म्हणालो, आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

आतून यंत्रातली बाई बोलू लागली. दोर, पन्नास फूट. कंदील. तेल, एक कुपी. लोखंडी खिळे, बारा. पान संपेपर्यंत मी तिथे उभा राहिलो. मग थोडा वेळ काहीच नव्हते. मग तेच पान पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.